तिसऱ्यांची वाफ आणि पाककृतीचे गद्य

पाककृतीला वाङ्मय मानण्याची आपल्याकडे प्रथा नाही. दीडशे प्रती खपलेल्या कवितासंग्रहावर आपण चार पाने लिहितो; परंतु ज्या गद्याच्या आधाराने घराघरांत चूल पेटते, त्याच्या शब्दयोजनेविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. हे गद्य फसले तर त्याची शिक्षा समीक्षकाला नव्हे, तर सबंध कुटुंबाला जेवणाच्या पाटावर भोगावी लागते. म्हणून एकाच साध्या पदार्थाच्या निमित्ताने त्याची परीक्षा करावीशी वाटते. तो पदार्थ म्हणजे घरी वाफवलेल्या ताज्या तिसऱ्या.

नागपुरात बसून तिसऱ्यांवर लिहिणे काहींना विनोदी वाटेल. मुंबईचा किनारा येथून रेल्वेने आठशे किलोमीटरांहून दूर आहे. परंतु नेमक्या याच कारणाने प्रश्न येथे तीव्र होतो. वसईच्या किंवा गोव्याच्या मुलीला छापील कृतीची गरज नसते. ती आईच्या शेजारी उभी राहून शिकते. नोकरीनिमित्त इकडे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतील दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला ती सोय उरलेली नाही. तिच्यासाठी पुस्तकातले पान हेच आजोळ. त्या पानाने अर्धवट सांगितले, तर उरलेले अर्धे विचारायला घरात कोणी नसते.

1970 साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले आणि वाटी-चमच्याच्या मापाने मराठी पाककृतीला शिस्त लागली. ‘अंदाजाने’ या शब्दाच्या आड लपण्याची सवय त्या पुस्तकाने मोडली, हे ऋण मोठे आहे. परंतु मापाची ही शिस्त मसाल्यावर जितकी चालते, तितकी शिंपल्यावर चालत नाही. तिसऱ्यांच्या ज्या छापील कृती माझ्या पाहण्यात आल्या, त्यांत कांदा किती, खोबरे किती, आमसुले किती याचा चोख हिशेब असतो. आणि मुख्य क्षण आला की लेखणी एका शब्दात निसटते: ‘शिजवून घ्याव्यात.’

दोष या क्रियापदात आहे. ‘शिजणे’ म्हणताच मराठी मनाला डाळ-भात आठवतो. डाळ जितकी अधिक शिजते तितकी मऊ होते, मटणाचेही तेच. त्यामुळे ‘शिजवा’ हे वाचणारी गृहिणी सावधगिरी म्हणून आणखी पाच मिनिटे झाकण ठेवते. तिसरीच्या बाबतीत मात्र उलट घडते. अधिक आच लागली की तिचे मांस आक्रसते, चिवट होते आणि खोडरबराची आठवण करून देते. म्हणजे वाचकाने आज्ञा पाळली म्हणूनच पदार्थ बिघडला! ज्या गद्यात आज्ञापालनच अपराध ठरते, ते गद्य सदोष नव्हे तर काय?

वास्तविक, येथे घड्याळ बाहेर शोधावेच लागत नाही. ते शिंपल्यातच आहे. दोन शिंपांना जोडणाऱ्या सांध्यातला लवचीक बंध त्यांना सदैव उघडू पाहतो, आणि आतले स्नायू ओढून धरून त्या मिटलेल्या ठेवतात. मिटून राहणे हे त्या जिवाचे श्रम आहेत. म्हणूनच कच्ची तिसरी उघडी दिसली आणि टिचकी मारूनही मिटली नाही, तर ती मेलेली समजून टाकून द्यावी. उष्णतेने स्नायूंची पकड सुटते आणि शिंपा आपोआप विलग होतात. तोच क्षण काढून घेण्याचा. किलोभर तिसऱ्यांना जाड बुडाच्या पातेल्यात अर्धी वाटी पाणी, घट्ट झाकण आणि मोठी आच दिली, तर चार ते सहा मिनिटांत बहुतेक उघडतात. ज्या उघडतील त्या काढत जावे. मागे राहिलेल्यांना एखादे मिनिट द्यावे, तरीही मिटलेल्या राहिल्या तर त्यांचा मोह धरू नये. खाली साचलेला रस फडक्यातून गाळून घ्यावा. त्यात समुद्राचे मीठ असते. वरून मीठ घालणाऱ्याने तो आधी चाखावा. पुष्कळ कृती हा रस ओतून द्यायला सांगतात. मला ते पदार्थाचा आत्माच मोरीत टाकण्यासारखे वाटते.

‘स्वच्छ धुवाव्यात’ हे दुसरे असेच आळशी वाक्य. शिंपल्यावरची वाळू धुऊन जाते. आतली जात नाही, ती त्या जिवानेच ओकावी लागते. त्यासाठी समुद्राइतके खारट पाणी लागते. लिटरला सुमारे 35 ग्रॅम मीठ घालून त्यात दोन-तीन तास गार, अंधाऱ्या जागी ठेवाव्यात. मग हाताने वर उचलून घ्याव्यात, पातेले उपडे करू नये, नाहीतर तळाची वाळू पुन्हा त्यांच्यावरच येते. नळाच्या गोड्या पाण्यात त्या तोंड मिटून बसतात आणि शेवटी मरतात. बर्फ वितळून साचलेल्या पाण्यातही तीच गत. प्रवासात ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या बऱ्या. शिंपल्यातून काढून गोठवलेले मांस मिळते, त्याला या लेखातले काहीच लागू नाही.

नावांचा गोंधळ निराळाच. तिसऱ्या, मुळे, खुबे, शिवल्या ही किनाऱ्यावरची नावे गावागणिक बदलतात, आणि ती सगळी एकाच जिवाची नाहीतही. जाड शिंपांचा खुबा आणि पातळ शिंपांची तिसरी यांना एकच वेळ सांगणारी कृती नकाशाशिवाय वाट दाखवते.

आपल्या परंपरेत या पदार्थाला एक गंमतीचा संदर्भ आहे. लेवीयच्या अकराव्या अध्यायाप्रमाणे पंख व खवले नसलेला जलचर अशुद्ध. म्हणजे तिसरी निषिद्ध. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या दहाव्या अध्यायात संत पेत्र यापो येथे समुद्रकाठच्या घरी भुकेला होऊन बसला आहे, आत स्वयंपाक चालू आहे, आणि त्याच वेळी त्याला चादरीतल्या प्राण्यांचा दृष्टान्त होतो. त्या दृष्टान्ताचा खरा रोख माणसांवर आहे, ताटावर नाही, हे पेत्राने स्वतःच कर्नेल्याच्या घरी सांगितले. तरी देवाने हा धडा शिकवायला स्वयंपाकाचीच वेळ निवडली, हे मला नेहमी हृद्य वाटते.

उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, मासळी व शिंपले चालतात. ओहोटीला खाडीत वाकून बायकांनी वेचून आणलेल्या तिसऱ्या हे किनाऱ्यावर गरिबाचे अन्न होते. त्या खाऊन शुक्रवार खरोखरच साधेपणाने पाळला जाई. नागपुरात त्याच तिसऱ्या चिकनहून महाग पडतात. नियम पाळला जातो, त्याग मात्र वाटेत कोठेतरी उतरून जातो. शिवाय मार्चअखेरीस येथे पारा चाळिशीकडे झुकलेला असतो, आणि निम्मी गोणी मेलेलीच हाती येते. म्हणून आमच्या घरी त्या नाताळच्या सुटीत येतात. थंडी असते आणि कोणी ना कोणी रात्रीच्या गाडीने येणारे असते.

माझी वसईची मावशी निरक्षर होती. तिने मला ही कृती एकदाच सांगितली, तीही दारातून निघता निघता: त्या तोंड उघडू लागल्या की तूही झाकण उघड, आणि मग कोणाची वाट पाहू नकोस. तिच्या वाक्यात माप नव्हते, मिनिटे नव्हती. छापील पानांपैकी एकानेही मला त्याहून नेमके काही सांगितलेले नाही.