स्टुडिओत चित्र, पेपरात इतिहास

महाराष्ट्रातल्या कला महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला अजिंठा दोन ठिकाणी भेटतो. एकदा शैक्षणिक सहलीत, स्केचबुक मांडीवर घेऊन. आणि एकदा कलाइतिहासाच्या पेपरात, ‘टिपा लिहा’ या प्रश्नाखाली. स्केचबुक प्रॅक्टिकलचे शिक्षक तपासतात, टीप थिअरीचे. लेण्यात रेषा काढताना पडलेला प्रश्न टिपेत येत नाही आणि टिपेत पाठ केलेले वाकाटक राजे लेण्यात आठवत नाहीत. आपल्याकडच्या दृश्यकलेच्या शिक्षणाची मुख्य अडचण मला या फारकतीत दिसते. पैसा, जागा, रिकामी पदे या अडचणी खऱ्याच आहेत. पण त्या उद्या सुटल्या तरी ही फारकत आपोआप मिटणार नाही, कारण ती अभ्यासक्रमाच्या रचनेतच आहे.

ती आली कुठून, हे पाहायला मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयापासून, म्हणजे जे.जे.पासून, सुरुवात करावी लागते. सर जमशेटजी जिजीभाईंनी १८५३ मध्ये एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ मध्ये शाळा सुरू झाली. तिची घडण लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या नमुन्यावर झाली. कुशल कारागीर आणि ड्रॉइंगचे शिक्षक तयार करणे हा हेतू होता. ग्रीक शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून छायाप्रकाशाचा सराव चाले. पुतळा कोणाचा, कोणत्या काळातला, हे माहीत नसले तरी शेडिंग अडत नसे. वस्तुचित्र, निसर्गचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र ही विभागणी त्याच परंपरेतली. आजही एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षांमधून ती तालुक्याच्या शाळांपर्यंत पोचलेली आहे.

पण याच संस्थेत हात आणि इतिहास एकत्र आल्याचे प्रसंगही घडले आहेत. प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होते. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. लंडनला पाठवलेल्या या प्रतिकृतींपैकी बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. उरलेल्या कामाच्या आधारे १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्सचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. उपक्रम सरकारी नोंदीसाठी होता हे खरे. तरी एखाद्या भिंतीसमोर महिनोन् महिने बसून तिची नक्कल करणाऱ्या विद्यार्थ्याला जे कळते, ते व्याख्यानाने कळत नाही. माती, तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, मग गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती: हे सारे हाताला आधी समजते.

आणि हाताला समजले की प्रश्न पडतात. नववी-दहावी या जुन्या लेण्यांतल्या रंगांत निळा नाही. पाचव्या शतकातल्या लेण्यांत तो आहे. तो राजवर्ताचा, म्हणजे लाजवर्दी दगडाचा, आणि तो दगड आजच्या अफगाणिस्तानाच्या बाजूने येणारा. मग व्यापाराच्या वाटा आल्या, दाते आले, वाकाटक राजा हरिषेण आला आणि सोळाव्या लेण्यात शिलालेख कोरवून घेणारा त्याचा मंत्री वराहदेवही आला. रंगाच्या वाटीत सुरू झालेला प्रश्न राजदरबारात जाऊन पोचतो. रचनेचेही असेच आहे. अजिंठ्यातल्या कितीतरी जातककथा प्रसंगांच्या क्रमाने लावलेल्या नाहीत. एका स्थळी घडणारे वेगवेगळ्या वेळचे प्रसंग एकत्र मांडलेले आहेत. कॅनव्हासवर गोष्ट कशी सांगावी याच्याशी झगडणाऱ्या चौथ्या वर्षाच्या मुलाला ही माहिती फार उपयोगाची आहे. मात्र ती त्याला स्टुडिओत, चित्र अडलेले असताना मिळायला हवी. परीक्षेच्या आदल्या रात्री गाइडमधून मिळालेली माहिती दुसऱ्या दिवशी उत्तरपत्रिकेत संपते.

विसाव्या शतकात जे.जे.मध्येच जगन्नाथ अहिवासी यांच्या भारतीय चित्रशैलीच्या वर्गात असेच काही घडले. लघुचित्रांची रेषा, सपाट रंग, मोकळ्या जागेचे भान हे तिथे गिरवले जाई. शंकर पळशीकर आणि वासुदेव गायतोंडे या मुशीतून गेले. गायतोंड्यांची पुढची अमूर्त चित्रे पाहताना लोक पॉल क्लीचे आणि झेनचे नाव घेतात. पण जागा आणि रंग यांचा तो संयम कोणत्या वर्गात आधी भेटला असेल, याचाही विचार व्हायला हवा. ग्रिफिथ्स काय किंवा अहिवासी काय, दोघांच्या वर्गात इतिहास आला तो शिक्षकामुळे. संस्थेने त्याची व्यवस्था केली नाही. म्हणून शिक्षक गेले आणि ती रीतही गेली.

व्यवस्था उभी राहिली ती दुसरीकडे. १९१९ मध्ये सुरू झालेल्या शांतिनिकेतनच्या कलाभवनात रवींद्रनाथांनी १९२१ च्या सुमारास कलाइतिहासकार स्टेला क्रामरिश यांना बोलावले. गॉथिकपासून आधुनिक कलेपर्यंतचा युरोप त्यांनी तिथल्या चित्रकारांसमोर व्याख्यानांतून मांडला. त्या वातावरणात बिनोदबिहारी मुखर्जी घडले. ते भित्तिचित्रेही करत आणि कलेवर लिहीतही. त्यांचे विद्यार्थी के. जी. सुब्रमण्यन १९५१ मध्ये बडोद्याला आले. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला विद्याशाखा १९५० मध्ये, हंसा मेहता कुलगुरू असताना सुरू झाली होती आणि चित्रकला विभागाची धुरा ना. श्री. बेंद्रे यांच्याकडे होती. इथे कलाइतिहासाला स्वतंत्र विभाग मिळाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या विभागाचा आणि स्टुडिओचा शेजार जमला. गुलाममोहम्मद शेख यांनी आधी कलाइतिहास आणि नंतर चित्रकला शिकवली. सिएनाच्या लोरेंझेत्तीचे नगरचित्र आणि मुघल लघुचित्र त्यांच्या कॅनव्हासवर एकत्र नांदतात, त्याचे मूळ या शेजारात आहे. हेच शेख गुजरातीतले मान्यवर लेखकही आहेत.

बडोद्याला आदर्श म्हणून मखरात बसवण्याचे कारण नाही. २००७ मध्ये तिथल्या एका विद्यार्थ्याच्या परीक्षेसाठी मांडलेल्या कामांवरून गदारोळ झाला आणि त्याला अटक झाली. तेव्हा कलाइतिहासाच्या विद्यार्थ्यांनी विभागाच्या संग्रहातली छायाचित्रे काढून भारतीय परंपरेतल्या शृंगारिक प्रतिमांचे प्रदर्शन लावले. विद्यापीठाने ते बंद पाडले आणि प्रभारी अधिष्ठात्यांना निलंबित केले. विभाग असला म्हणजे संस्था त्याच्या पाठीशी उभी राहतेच असे नाही, हा त्यातला एक धडा. पण आपल्या सहाध्यायाच्या चित्राचा बचाव इतिहासाने करता येतो हे त्या मुलांना सुचले. ते शिक्षण पेपरातल्या टिपांनी होत नाही.

यावर जे.जे.चा अभिमान असलेले लोक विचारतील: असा विभाग नसतानाही रझा, गायतोंडे, तय्यब मेहता, अकबर पदमसी, प्रभाकर बरवे झालेच ना? झाले. पण त्यांच्या पिढीला जगाच्या कलेची ओळख करून देण्यात कॉलेजबाहेरच्या मुंबईचा मोठा वाटा होता. नाझी राजवटीमुळे युरोप सोडून आलेले वॉल्टर लँगहॅमर, रूडी फॉन लायडन, इमॅन्युएल श्लेसिंगर यांची घरे आणि संग्रह होते, भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट होती. पुढे काहींना पॅरिस-लंडनही दिसले. हे ज्याला मिळाले त्याला मिळाले. परभणीहून वा सावंतवाडीहून आलेल्या आजच्या मुलाला असे घर कोण उघडून देणार? आज मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, ज्ञानप्रवाह अशा संस्था कलाइतिहासाचे चांगले अभ्यासक्रम चालवतात. पण ते इंग्रजीतले, मुंबईतले आणि पदरचे पैसे भरून करायचे आहेत. सार्वजनिक शिक्षणाने टाळलेले काम अशा रीतीने खासगी वर्गांकडे गेले.

१९६५ मध्ये स्थापन झालेल्या कला संचालनालयाने राज्यभर कलाशिक्षण पसरवले, हे श्रेय मोठे आहे. पण राज्याच्या एकाच परीक्षेला सगळ्या पदविका महाविद्यालयांनी बसायचे, तर प्रश्न सर्वांना सारखा आणि उत्तर तपासायला सोपे हवे. तिथे टीप जिंकते. त्यातच कायम पदे भरली जात नाहीत, तासिका तत्त्वावरचा शिक्षक दोन-तीन महाविद्यालयांत धावतो. थिअरीचा तास मग ‘नोट्स’ देऊन उरकला जातो. विद्यार्थीही सबमिशनच्या मागे. मोबाइलवर जगातले कोणतेही चित्र दिसते, पण हाताएवढे चित्र आणि भिंतीएवढे चित्र तिथे एकाच मापाचे होते. मुंबईतला विद्यार्थी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयापासून थोड्या अंतरावर राहून लघुचित्र पडद्यावरच पाहतो, ही तर निव्वळ सवयीची गरिबी आहे.

भाषेची सबब मात्र चालणार नाही. चित्रकार धुरंधरांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ १९४० चे. ग. ह. खरे यांचे ‘मूर्तिविज्ञान’, द. ग. गोडसे यांचे ‘पोत’ आणि ‘शक्ती सौष्ठव’, बाबुराव सडवेलकरांचे चित्रकारांवरचे लेखन, बरव्यांचे ‘कोरा कॅनव्हास’, माधुरी पुरंदरे यांचे ‘पिकासो’, सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला चरित्रकोशाचा दृश्यकला खंड: एवढी पुस्तके मराठीत आहेत. यातले बरेच लेखन चित्रकारांनी स्वतः केलेले आहे. खंत ही, की यांना अभ्यासक्रमात फार तर संदर्भाच्या यादीत जागा आहे. मूर्ती आणि लेणी यांचे मराठीतले जाणकार बहुतांशी पुरातत्त्व आणि भारतविद्येच्या वाटेने आले, आणि कला महाविद्यालयाने त्यांना क्वचितच वर्गात बोलावले.

२०२३ मध्ये जे.जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अभ्यासक्रम आता संस्थेच्या हातात आहे, तेव्हा इमारती आणि नव्या शाखांच्या आधी तीन गोष्टी व्हाव्यात. प्रत्येक विद्यार्थ्याने दरवर्षी एका मूळ कलाकृतीसमोर बसून तिची प्रतिकृती करावी आणि तिच्याविषयी स्वतःच्या भाषेत निबंध लिहावा. दोन्ही एकत्र तपासले जावेत. कलाइतिहासाचा शिक्षक पूर्णवेळ असावा आणि स्टुडिओतल्या असेसमेंटला त्याची खुर्ची असावी. आणि जे.जे.च्या स्वतःच्या संग्रहात पिढ्यान्‌पिढ्यांची जी कामे आहेत, ती रोजच्या अध्यापनाचे साहित्य व्हावीत. यासाठी नवा कायदा नको, मोठा निधीही नको. वेळापत्रक बदलावे लागेल आणि शिक्षक नेमावे लागतील. ते केले नाही, तर पदवीवर विद्यापीठाचे नाव येईल आणि शिक्षण १८५७ च्या ड्रॉइंग क्लासचेच राहील.