विल्यम्स, बर्ट

विल्यम्स, बर्ट : (१२ नोव्हेंबर १८७४–४ मार्च १९२२). अमेरिकन व्हॉडव्हिल रंगभूमीवरील कृष्णवर्णीय विनोदी नट, गायक व गीतरचनाकार. संपूर्ण नाव एग्बर्ट ऑस्टिन विल्यम्स. जन्म बहामा बेटांवरील नॅसॉ येथे. त्याच्या लहानपणीच कुटुंब अमेरिकेत आले व पुढे कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे स्थायिक झाले. तेथे शालेय शिक्षण पूर्ण केल्यावर तो सॅन फ्रॅन्सिस्कोत आला आणि १८९३ मध्ये एका मिन्स्ट्रेल मंडळीत दाखल झाला. तेथेच कॅन्ससमधून आलेल्या जॉर्ज वॉकर या तरुण नटाशी त्याची गाठ पडली. या दोघांची जोडी सोळा वर्षे टिकली.

मिन्स्ट्रेल खेळांत गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून व ओठ रुंद रंगवून कृष्णवर्णीयांचे हास्यास्पद सोंग काढीत. कृष्णवर्णीय नटांना रंगभूमीवर प्रवेश मिळू लागला, तोही बहुधा हेच सोंग घेण्याच्या अटीवर. गाणी, नृत्ये, प्रहसने, कसरती इ. सुटे कार्यक्रम एकापाठोपाठ सादर करणाऱ्या व्हॉडव्हिलने हा वारसा जसाच्या तसा उचलला. विल्यम्स उजळ वर्णाचा, उंच व शांत प्रकृतीचा होता. दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांची बोली त्याला परभाषेसारखी शिकून घ्यावी लागली. प्रारंभी तो बँजो वाजवीत व गात असे आणि विनोदाची बाजू वॉकर सांभाळी. १८९५ च्या सुमारास त्याने प्रथम काजळी लावली आणि जोडीतील भूमिकांची अदलाबदल झाली. वॉकर झाला भपकेबाज, बोलका छानछोकीवाला. विल्यम्स झाला ढगळ कपड्यांतला, संथ व दुर्दैवी माणूस. वॉकरने काजळी लावली नाही. स्वतःकडे परका म्हणून पाहता आल्यावरच आपल्यातील विनोदबुद्धी वाढीस लागली, असे विल्यम्सने १९१८ मध्ये एका लेखात नमूद केले. हे विधान त्याच्या चाहत्यांना सोयीचे वाटते व टीकाकारांना अडचणीचे. परंतु ज्या मुखवट्यामुळे त्याला हे अंतर लाभले, तो त्याने स्वतः घडविलेला नव्हता, हे विसरून चालणार नाही.

१८९६ मध्ये ही जोडी न्यूयॉर्कला आली. तेथील कॉस्टर अँड बायल या संगीतगृहातील त्यांच्या प्रयोगांनी केकवॉक हे नृत्य लोकप्रिय केले. आपण ‘अस्सल’ कृष्णवर्णीय असल्याची जाहिरात ते करीत व तीत गोऱ्यांनी रूढ केलेला हेटाळणीचा शब्दच वापरीत. नकली मालाने भरलेल्या बाजारात अस्सल मालाला अशी पाटी लावावी लागली, यातील उपरोध दोघांच्याही ध्यानी आला असावा. सन्स ऑफ हॅम (१९००) नंतर आलेली इन डाहोमी (१९०३) ही संगीतिका त्यांच्या कारकीर्दीतील महत्त्वाचा टप्पा होय. तिचे संगीत विल मेरियन कुक याचे, संहिता जेसी शिप याची आणि गीतांपैकी काही कवी पॉल लॉरेन्स डन्बार याची. संपूर्णपणे कृष्णवर्णीयांनी रचलेली व सादर केलेली पूर्ण लांबीची संगीतिका ब्रॉडवेच्या प्रमुख नाट्यगृहात होण्याची ही पहिलीच वेळ. तरीही नाट्यगृहात कृष्णवर्णीय प्रेक्षकांना वरच्या सज्जातच बसावे लागे. त्याच वर्षी ही मंडळी लंडनला गेली. तेथील शाफ्ट्सबरी नाट्यगृहातील प्रयोग दीर्घकाळ चालले व २३ जून १९०३ रोजी बकिंगहॅम राजवाड्यातही एक प्रयोग झाला. पुढे ॲबिसिनिया (१९०६) व बँडाना लँड (१९०८) ही नाटके आली. १९०९ मध्ये वॉकर आजारी पडून रंगभूमीवरून निवृत्त झाला आणि १९११ मध्ये वारला. हिशेब, करार, वाटाघाटी व कृष्णवर्णीय कलावंतांच्या हक्कांसाठीची भांडणे हे सर्व वॉकर पाहत असे. त्याच्या निवृत्तीनंतर विल्यम्सने स्वतंत्रपणे काढलेले मिस्टर लोड ऑफ कोल (१९०९) फारसे चालले नाही.

गायक या नात्याने विल्यम्सचा विचार केला, तर त्याच्या आवाजाचा पल्ला बेताचाच होता. हे उणेपण त्यानेच शैलीत रूपांतरित केले. तो ओळ अर्धी गाई व अर्धी बोले. ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळे. शब्द ओढून अचानक सोडून देई. ‘नोबडी’ (१९०५) हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध गीत. शब्द ॲलेक्स रॉजर्स याचे व चाल स्वतः विल्यम्सची. अडचणीच्या वेळी कोण मदतीला आले, या प्रश्नाला प्रत्येक कडव्याअखेर ‘कोणीही नाही’ हे एकच उत्तर मिळते. १९०६ मध्ये कोलंबिया कंपनीसाठी त्याने याचे ध्वनिमुद्रण केले व १९१३ मध्ये पुन्हा केले. ट्राँबोनच्या कण्हण्यासारख्या घसरत्या स्वरांवर त्याचा आवाज जणू खांदे पाडून चालत येतो. ‘कोणीही नाही’ हे शब्द उच्चारण्यापूर्वी तो जो क्षणभर थांबतो, त्यात तक्रार नसते व दयेची याचनाही नसते. हिशेब पुन्हा एकदा तपासून पाहावा, तसा तो विराम असतो. मिन्स्ट्रेल गीतांतील कृष्णवर्णीय पात्र इतरांच्या हसण्याचा विषय असे. येथे ते पात्र स्वतःच्या स्थितीविषयी मत बनविते, हा मूलभूत फरक होय. हे गीत पुढे जन्मभर त्याच्या मानेवर बसले. प्रेक्षक दुसरे काही ऐकूनच घेईनात, अशी तक्रार तो करी.

१९१० मध्ये फ्लोरेन्झ झीगफेल्ड याने त्याला आपल्या फॉलीज या वार्षिक रंजनप्रयोगात घेतले. काही गोऱ्या नटांनी काम सोडण्याची धमकी दिली. झीगफेल्डने ती जुमानली नाही. १९१९ पर्यंतच्या बहुतेक फॉलीजमध्ये विल्यम्स प्रमुख आकर्षण होता. १९११ च्या प्रयोगातील लिऑन एरल याच्याबरोबरचे प्रहसन विशेष गाजले. त्यात विल्यम्स रेल्वे-हमाल असून बांधकाम चालू असलेल्या स्थानकाच्या उंच तुळयांवरून एका गोऱ्या प्रवाशाला दोरीने बांधून नेतो. बक्षिसी अवघी पाच सेंट मिळणार हे कळल्यावर मात्र दोरीवरची त्याची पकड ढिली होते. काजळीच्या आडून इतके धीट बोलणे त्या काळी दुसऱ्या कोणास साधले नसते. परंतु या यशाची किंमतही होती. मंडळीत तो एकटा पडला. ज्या लेखकांनी व संगीतकारांनी त्याच्यासाठी लिहिले, ते मागे राहिले आणि फॉलीजने त्याच्या वाट्याला बहुतांशी हमाल, गाडीवान, नोकर हेच दिले.

त्याची सर्वोत्तम कला ध्वनिमुद्रिकांत नसून मूकाभिनयात होती, असे म्हणावे लागते. पोकर खेळणाऱ्या एकाकी माणसाचे त्याचे दृश्य यादृष्टीने पाहण्यासारखे आहे. ना पत्ते, ना भिडू, ना शब्द. प्रकाश केवळ डोके, खांदे व हात यांवर. पाने उचलताना वाटणारी आशा, ती लपविण्याची धडपड, समोरच्याविषयीचा संशय आणि शेवटी पैसे गेल्यावरचा सुस्कारा हे सारे भुवया व बोटे यांतून व्यक्त होते. ए नॅचरल बॉर्न गॅम्बलर (१९१६) या मूकपटात हे दृश्य जतन झाले आहे. चित्रपट म्हणून तो सुमारच आहे. या अखेरच्या भागासाठीच तो पाहावा. १९१३ मध्ये चित्रित झालेला व अपूर्ण राहिलेला दुसरा एक पट न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने जुळवून २०१४ मध्ये प्रदर्शित केला. त्यात सर्व नटवर्ग कृष्णवर्णीय असून काजळी फक्त विल्यम्सच्या तोंडावर आहे. इतर स्त्रीपुरुष सणाच्या पोशाखात सहजपणे हसतात, नाचतात. नायक व नायिका यांच्या प्रेमाची थट्टा होत नाही. दृश्ये संपल्यावरही कॅमेरा चालू राहिल्याने काजळीआडचा संयमी, स्वतःच्या कामाची पारख करणारा कलावंतही काही क्षण दिसतो. विल्यम्सविषयीचे जुने मत या चित्रफितीमुळे बदलावे लागते. मुखवटा त्याने लाचारीने स्वीकारला की कौशल्याने वापरला, हा वाद समीक्षकांत दीर्घकाळ चालू आहे. परंतु त्याच्याभोवतीचे चेहरे उघडे दिसताच तो मुखवटा नैसर्गिक न वाटता उसना वाटू लागतो. बाहेरून लादलेली वस्तू म्हणून ती काजळी प्रथमच डोळ्यांत भरते.

विल्यम्सच्या सहकाऱ्यांपैकी डब्ल्यू. सी. फील्ड्स व एडी कँटर यांनी त्याचे ऋण मान्य केले. ड्यूक एलिंग्टन याने १९४० मध्ये त्याच्यावर एक वाद्यरचना केली. २७ फेब्रुवारी १९२२ रोजी डिट्रॉइट येथे अंडर द बांबू ट्री या नाटकाच्या प्रयोगात न्यूमोनियाने ग्रासलेला विल्यम्स रंगमंचावर कोसळला. प्रेक्षकांना तो विनोदाचाच भाग वाटला व ते हसले, असे सांगतात. न्यूयॉर्क येथे त्याचे निधन झाले.