वेळापत्रक चोख, पण हात पोहोचतो का?

आज आपण नोलन आणि हीप यांचा १९७८चा अहवाल तपासतोय. युनायटेड एअरलाइन्सच्या या दोघांनी दाखवलं, की विमानाच्या भागांपैकी जेमतेम ११ टक्केच वयानुसार झिजतात. उरलेल्यांना ठरावीक तासांनी ओव्हरहॉल करून फायदा नाही. उलट उघडल्याने नवे दोष शिरतात. हे या अहवालाचं मोठं देणं. पण त्याचा भर काम कोणतं आणि कधी करायचं यावर आहे. ते हाताला किती सोपं, यावर नाही.

पुढच्याच वर्षी, २५ मे १९७९ला, शिकागोत उड्डाण करताना डीसी-१०चं डावं इंजिन पायलॉनसकट निखळलं. २७३ माणसं गेली. निर्मात्याची पद्धत होती: आधी इंजिन, मग पायलॉन. हँगरमध्ये मात्र दोन्ही एकत्रच फोर्कलिफ्टने उतरवले जात. विमानामागे सुमारे २०० मनुष्यतास वाचत. त्यात जोडाला तडा गेला.

मग दोष फक्त मेकॅनिकचा? चौकशी मंडळाने जोडाच्या रचनेवरही बोट ठेवलं: देखभालीतच तिला इजा होऊ शकत होती. सोडवायला किचकट भाग असला, की आडवाट निघणारच. ती डिझाइन करणाऱ्यानेच आधी ओळखायला हवी, असं आम्हाला वाटतं.