‘स्मृतिचित्रां’तील मिशनघर

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’विषयी मराठीत इतके लिहिले गेले आहे की, त्यात भर घालणाऱ्याने आपले कारण आधी सांगितले पाहिजे. आमचे कारण घरगुती आहे. आम्ही सरावलीस राहतो. बोईसरचे स्टेशन जवळ, आणि पलीकडे तारापूरच्या कारखान्यांची वसाहत. रविवारी सायंकाळी चार-पाच कुटुंबे आमच्या घरी जमतात व एखादे जुने पुस्तक मोठ्याने वाचले जाते. गेल्या पावसाळ्यात ‘स्मृतिचित्रे’ चालले होते. नारायण वामन टिळकांच्या नगरच्या घरी विद्यार्थी, अनाथ मुले, कवी आणि धर्मोपदेशक ह्यांचा राबता कसा असे, हे आम्ही मोठ्या उमाळ्याने विशद करीत होतो. आमचे प्रवचन आटोपल्यावर कुटुंबाने सहज विचारले, “अहो, एवढी माणसे जेवून गेली, पण स्वयंपाक कोणी केला, ते तुमच्या बोलण्यात आलेच नाही.” मंडळी हसली. आम्हीही हसलो. परंतु जव्हार-विक्रमगडकडून शिकावयास आलेले विद्यार्थी गेली पंचवीस वर्षे आमच्या घरी राहून गेले आणि जाताना पाया आमच्याच पडले, हे त्या हसण्यात आठवल्यावाचून राहिले नाही. म्हणून हे पुस्तक आम्ही पुन्हा, स्वयंपाकघराच्या दाराशी बसून, वाचले.

ह्या ग्रंथाची स्तुती साधेपणासाठी, प्रांजळपणासाठी व विनोदासाठी होत आली आहे. स्तुती खरी आहे, पण विनोदाविषयीची तिची समजूत अपुरी आहे. लक्ष्मीबाईंचा विनोद हा केवळ गोड स्वभावाचा उद्गार मानला जातो. आमच्या मते तो हिशेब आहे. कोण आले, कोणी बोलाविले, घरात काय होते, काय नव्हते आणि निभावले कोणी, ह्याची नोंद ह्या बाईने हसत हसत ठेवली आहे. तक्रारीचा सूर लागला असता तर वाचकाने वही मिटून टाकली असती.

ग्रंथाचा आरंभच पाहावा. लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याने पछाडलेले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यावयाची नाही, असा त्यांचा खाक्या. ज्या मुलीचे बाळपण अशा उंबऱ्याच्या आत गेले, तिच्याच संसारात पुढे दार म्हणून काही उरले नाही. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर पतिपत्नींची पाच वर्षे ताटातूट झाली. पुढे त्या पतीच्या आसऱ्यास आल्या, तरी चूल आणि पाणी त्यांनी वेगळेच ठेवले होते. कोणा पंडिताच्या वादाने ते वेगळेपण गेले नाही. जाती देवाने केल्या की माणसांनी, असा प्रश्न त्यांनी आपला आपल्याशी केला आणि कोणाच्याही हातचे खावयाचे ठरविले. बाप्तिस्मा 1900 साली, म्हणजे नंतरचा. आमचे टीकाकार ह्या स्थळावरून घाईने पुढे जातात, पण येथे धर्मांतर आधी चुलीपाशी झाले आहे व देवळात मागाहून, आणि पुढल्या सर्व पाहुणचाराचे मूळ येथे आहे.

टिळक नगरास मिशनच्या धर्मोपदेशक तयार करणाऱ्या विद्यालयात शिकवीत. शिकविणे वर्गात संपावे असा त्यांचा पिंडच नव्हता. जो आवडला त्याला ते घरी आणीत. त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात ह्या पोराला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, आणि पुढे तो नगरास टिळकांच्या घरचाच होऊन राहिला. वाङ्मयाचा इतिहास येथे गुरुशिष्यांची जोडी पाहतो. लक्ष्मीबाईंनी मात्र एक हळवे, लहरी मूल पाहिले व त्याला मूल म्हणूनच वागविले. त्या घरात राहून बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. आणि त्यापायी त्यांच्या पानातले काही कमी झाले, असे पुस्तकात कोठेही दिसत नाही.

ही गोष्ट किती दुर्मिळ, ते कळण्यासाठी विलायतेतील दुसरे एक मिशनघर शेजारी ठेवावे. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथील जोगिणींच्या मठात जाऊन राहिल्या. त्याच वर्षी त्यांनी तेथे बाप्तिस्मा घेतला व पुढे चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात शिकल्या, शिकविलेही. त्यांची पालक-गुरू सिस्टर जेराल्डीन. ह्या दोघींचा इंग्रजी पत्रव्यवहार अ. भि. शहा ह्यांच्या संपादनाखाली 1977 साली प्रसिद्ध झाला. जेराल्डीनचे प्रेम खोटे नव्हते. रमाबाईंच्या लहानग्या मनोरमेला तिने आईच्या मायेने सांभाळले. पण शाकाहार तिला जातीचा अवशेष वाटे, क्रुसावरील अक्षरे लॅटिन नकोत, संस्कृत असावीत, हा आग्रह तिला अहंकार वाटे, आणि शिष्येने बिशपांच्या मताला मान तुकवावी अशी तिची अपेक्षा असे. रमाबाईंनी उलट विचारले की, इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहावयास आली तर ती आपल्या चालीरीती सोडील काय? पाहुणीने यजमानणीस विचारलेला इतका सरळ प्रश्न आम्ही अन्यत्र क्वचितच वाचला असेल. जेराल्डीनच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की, आपल्या विरुद्ध जाणारी ही उत्तरे तिनेच जपून संकलित केली.

वाँटेजला अन्नाबरोबर मत वाढले जाई. नगरला तसे झाले नाही, ह्याचे श्रेय टिळकांच्या औदार्यास आहेच. मिशनच्या पालकत्वाचा जाच त्यांनाही ठाऊक होता आणि 1917 साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची चाकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. परंतु औदार्य करणारा एक आणि ते निभावणारी दुसरी, हा भेद ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला चुकविता येत नाही. लक्ष्मीबाई ह्या निमूट अन्नपूर्णा नाहीत. त्या भांडतात, नाही म्हणतात, रुसतात, आणि मग पान मांडतात. आम्हा पुरुष वाचकांना त्यांतले शेवटचेच लक्षात राहते.

पुस्तकात उणिवा आहेत. सनावळीचा पत्ता नाही. प्रसंग आठवतील तसे येतात. कित्येक पाहुणे एका वाक्यात येऊन नाहीसे होतात. चौथा भाग लेखिकेच्या हातून पुरा झाला नाही. 1936 साली त्या निवर्तल्या. ज्यांना माणसे व वर्षे जुळवून वाचावयाचे असेल, त्यांनी त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक ह्यांनी टीपांसह सिद्ध केलेली आवृत्ती घ्यावी. आमच्या रविवारच्या मंडळींत आता तीच चालली आहे. बालकवींचे प्रकरण अजून यावयाचे आहे. ते वाचण्याचे काम ह्या खेपेस आमच्याकडे नाही. कुटुंबाने ते स्वतःकडे घेतले आहे.