होमरच्या शाळकरी प्रती व त्यांची पारख

ग्रीक हस्तलिखितांच्या याद्या चाळतांना एक शेरा वारंवार आढळतो. तो म्हणजे ‘शाळकरी प्रत’. हा शेरा पडला कीं बहुतेक पाठसंशोधक त्या प्रतीचा नाद सोडतात. अक्षर बेढब, शुद्धलेखन मुलाचें, ओळी अर्धवट. असल्या चिटोऱ्यावरून होमरचा पाठ काय सुधारणार, असा त्यांचा हिशेब असतो. पाठनिर्णयापुरता तो बराचसा खराहि आहे. परंतु हस्तलिखिताचें मोल पाठनिर्णयांतच काय तें असतें ही समजूत एकांगी होय. जुनें काव्य कोणी, कोणत्या हेतूनें व किती वाचलें हें ज्यास पाहावयाचें आहे त्याला सुंदर अक्षराच्या दहा पोथ्यांपेक्षां एक मळकी वही अधिक सांगते. प्रस्तुत लेखांत होमरच्या अशा प्रतींची साक्ष तपासावयाची आहे.

ग्रीकांच्या शाळेंत होमर केव्हां शिरला हें विचारणें म्हणजे त्यांची शाळाच केव्हां निघाली हें विचारण्यासारखें आहे. झेनोफनच्या ‘सिम्पोसिअम’मध्यें निकेराटस नांवाचा गृहस्थ सांगतो कीं, मुलगा सद्गृहस्थ व्हावा म्हणून वडिलांनीं आपल्याकडून सबंध इलियड व ओडिसी तोंडपाठ करवून घेतली. दोन्ही काव्यें मिळून सुमारें २८,००० ओळी होतात. त्यावर दुसरा एक पाहुणा लगेच म्हणतो कीं, गांवोगांव काव्य म्हणत फिरणाऱ्यांनाहि तीं पाठ असतात, आणि त्यांच्याइतकी मूढ जात दुसरी नाहीं. पाठांतर व अर्थज्ञान यांचा हा तंटा इतका जुना आहे. प्लेटोनें तर आपल्या आदर्श राज्यांतील मुलांसाठीं होमरमधील कोणकोणतीं स्थळें गाळावीं याची यादीच केली. शाळेंत होमरचें केवढें प्रस्थ होतें याला याहून चांगला पुरावा कोणता? प्लुटार्कनें अल्किबियाडीसची एक गोष्ट दिली आहे. त्यानें एका पंतोजीकडे होमरची पोथी मागितली. ती नाहीं म्हणतांच त्यानें त्याच्या तोंडांत दिली. दुसऱ्या पंतोजीनें आपल्याजवळ स्वतः शोधलेली प्रत असल्याचें सांगितलें, तेव्हां होमर शोधण्याची पात्रता असतां तूं पोरांना अक्षरें कां शिकवीत बसलास, असें त्यानें विचारलें. गोष्ट खरी असो वा नसो, पंतोजी आपल्या प्रतींत हात घालीत असत हें प्लुटार्कच्या वाचकांस नवल वाटण्याजोगें नव्हतें, एवढें तीवरून निघतें.

प्रत्यक्ष वह्या मात्र ग्रीस देशांत टिकल्या नाहींत. त्या ईजिप्तच्या कोरड्या वाळूनें राखल्या. १८९६-९७ च्या हंगामांत ग्रेनफेल व हंट यांनीं ऑक्सिरिंकस येथील उकिरडे उपसण्यास आरंभ केला, आणि तेव्हांपासून होमरच्या पपायरसांची संख्या वाढतच गेली. आजवर प्रसिद्ध झालेले तुकडे १,५०० च्या वर आहेत. दुसऱ्या कोणत्याहि ग्रीक ग्रंथकाराचे इतके मिळालेले नाहींत. त्यांत इलियडचे तुकडे ओडिसीच्या सुमारें तिप्पट आहेत. इलियडच्याहि सर्व सर्गांस सारखा मान नाहीं. पहिले दोन सर्ग सर्वांत अधिक, पहिल्या सहापर्यंत बऱ्यापैकीं, आणि पुढें संख्या विरळ होत जाते. विद्यार्थ्यांची गळती या संख्येवरून जशी स्पष्ट दिसते तशी दुसऱ्या कोणत्याहि पुराव्यांत दिसत नाहीं. दुसऱ्या सर्गांत जहाजांची लांबलचक यादी आहे. आजचा वाचक ती ओलांडून पुढें जातो. पण गांवांचीं व सरदारांचीं नांवें शुद्ध लिहिण्यास शिकविणाऱ्या पंतोजीस तिच्यासारखें साधन नव्हतें. १८८८ सालीं फ्लिंडर्स पेट्री यांस हवारा येथें एका स्त्रीच्या मस्तकाखालीं पपायरसाची गुंडाळी सांपडली, तींतहि मुख्यतः हाच दुसरा सर्ग आहे. ती शाळकरी प्रत नव्हे, अक्षर फार सुरेख आहे. त्याच हवारा येथें १९११ सालीं पेट्री यांस एका तरुणीचें शव मिळालें. त्यावरील चित्राशेजारीं ‘हर्मिओनी ग्रामाटिकी’ अशी अक्षरें आहेत. ही शिक्षिका होती कीं केवळ विदुषी, याविषयीं मतभेद आहे.

शिक्षणाचा क्रम समजण्यास कैरो येथील एक गुंडाळी फार उपयोगी आहे. ती इ. स. पूर्वीं ३ ऱ्या शतकांतली असून गेरो व झुगे यांनीं १९३८ सालीं प्रसिद्ध केली. आरंभीं बाराखडीसारखीं जोडाक्षरें, मग देवांचीं व नद्यांचीं नांवें, अवयव तोडून लिहिलेले शब्द, त्यानंतर युरिपिडीस व ओडिसी यांतील वेंचे, आणि वर्गांचें कोष्टक. संपादकांनीं तिला विद्यार्थ्याची वही म्हटलें. पण अक्षर इतकें सराईत आहे कीं, ती शिक्षकाची असावी हें अलीकडचें मत अधिक ग्राह्य वाटतें. याच्या उलट, ब्रिटिश लायब्ररींत मेण लावलेली २ ऱ्या शतकांतील एक पाटी आहे. वर शिक्षकाचा कित्ता दोन ओळींचा. खालीं मुलानें तो दोनदां गिरविला आहे. गिरवितांना आरंभींचें अक्षर सुटलें आहे, आणि शेवटीं ओळ आंखलेल्या रेघेबाहेर गेली आहे. आपल्या संग्रहांतील कित्त्यांचीं बाडें ज्यांनीं उलगडलीं आहेत त्यांस हें दृश्य ओळखीचें वाटेल.

पाठानंतर अर्थ येतो, आणि येथेंच शाळेनें काव्यावर काय संस्कार केला हें दिसूं लागतें. होमरची भाषा त्या काळच्या मुलांना आपल्याला ज्ञानेश्वरी वाटते तितकी जुनी वाटत होती. म्हणून डाव्या रकान्यांत होमरचा शब्द व उजव्यांत चालू बोलींतला प्रतिशब्द अशा टिपा केल्या जात. अनेक तुकड्यांत त्या मिळतात, आणि त्यांचीच पुढें वाढलेली परंपरा मध्ययुगीन पोथ्यांच्या समासांत उतरून १५१७ सालीं रोम येथें छापली गेली. इलियडचा पहिला शब्द ‘मेनिस’. टिपेंत त्यापुढें ‘ऑर्गे’ हा शब्द असतो. दोहोंचा अर्थ क्रोध. पण होमर ‘मेनिस’ हा शब्द मुख्यतः देवांस व अकिलीसला लावतो, आणि ‘ऑर्गे’ हा शब्द तर होमरमध्यें मुळींच नाहीं. आपल्याकडे देवीचा कोप होतो आणि पंतोजीला राग येतो. तो भेद या एका टिपेनें पुसला जातो. अकिलीसचा क्रोध मनुष्याच्या मापाबाहेरचा आहे आणि म्हणूनच त्यापायीं असंख्य वीर बळी पडतात, हें काव्याचें बीज मुलाच्या हातीं येतां येतां एका चिडक्या सरदाराची गोष्ट होऊन बसतें. टीपकारास दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्याला दिवसाला पन्नास ओळी उरकावयाच्या असतील. परंतु टीपेनें अर्थ सुलभ होतो तसा तो सपाटहि होतो, हें लक्षांत ठेवून टीकाग्रंथ वाचले पाहिजेत.

पुराणकथांचेंहि तसेंच. इटालियन संग्रहांतील एका पपायरसावर प्रश्नोत्तरी आहे: ट्रोजनांच्या बाजूला कोणते देव होते, त्यांचा राजा कोण, सेनापति कोण. परीक्षेच्या तयारीचा हा मासला आजच्या कोणत्याहि मार्गदर्शिकेंत खपून जाईल. यापेक्षां मोलाच्या त्या कथा, ज्या होमरमधील एखाद्या नांवाच्या निमित्तानें थोडक्यांत सांगून शेवटीं ‘ही कथा अमुक ग्रंथकाराकडे आहे’ असा दाखला देतात. या दाखल्यांवर डोळे मिटून विश्वास टाकूं नये. तरीहि फेरेकिडीस व हेलॅनिकस यांचे ग्रंथ नष्ट झाले असतां त्यांचीं नांवें व कथाभाग शाळेच्या टिपांनीं वाहून आणले, हा उपकार लहान नव्हे.

आतां पाठाकडे वळूं. इ. स. पूर्वीं ३ ऱ्या शतकांतील होमरच्या प्रती फार स्वैर आहेत. त्यांत आज अपरिचित अशा ओळींची भर आढळते. इ. स. पूर्वीं १५० च्या सुमारास ही भर जवळजवळ नाहींशी होते. अलेक्झांड्रियाचा आरिस्टार्कस यानें याच सुमारास आपली आवृत्ति सिद्ध केली होती, तेव्हां कार्यकारणभाव उघड आहे असें वाटतें. पण गंमत अशी कीं, लोकांच्या प्रतींनीं त्याची ओळींची संख्या घेतली, त्यानें पसंत केलेले पाठ बहुधा घेतले नाहींत. नक्कल करणारास ओळी मोजून मजुरी मिळे, म्हणून मोजदाद तेवढी बाजारांत पोंचली, असा एक तर्क आहे; मला तो पटतो. आरिस्टार्कसची पद्धतीहि ध्यानांत घेण्याजोगी आहे. संशयित ओळ तो खोडीत नसे; समासांत आडवी रेघ मारून ती जागेवर ठेवीत असे. या रेघांचा अर्थ आपल्याला कळला तो व्हेनिस येथील १० व्या शतकांतल्या पोथीमुळें. ती बेसारिऑनच्या संग्रहांतून व्हेनिसला आली व व्हिलोआझाँ यानें १७८८ मध्यें टीकेसह छापली. तिच्या सर्गांतींच्या पुष्पिकांत ही टीका आरिस्टोनिकस, डिडिमस, हेरोडियन व निकॅनोर या चौघांच्या ग्रंथांतून घेतल्याचें नमूद आहे. असल्या पुष्पिका नसत्या तर वुल्फचा १७९५ चा प्रसिद्ध प्रबंध लिहिला गेलाच नसता. प्रक्षिप्त मजकूर फेंकून न देतां तळटीपांत व परिशिष्टांत जपून ठेवण्याचा जो दंडक भांडारकर संस्थेच्या महाभारतांत सुखटणकरांनीं १९३३ च्या आदिपर्वापासून घालून दिला आणि जो १९६६ पर्यंत पाळला गेला, त्याचें कूळ शोधूं जातां आपण या आडव्या रेघेशींच पोंचतों.

ख्रिस्ती धर्माचा जय झाल्यावरहि होमर शाळेंतून उठला नाहीं. ३६२ सालीं ज्युलिअन बादशहानें ख्रिस्ती शिक्षकांस जुने ग्रंथ शिकविण्याची बंदी केली, तेव्हां ख्रिस्ती विद्वानच चिडले; आपल्या धर्माचा नसला तरी हा वारसा सोडण्यास ते तयार नव्हते. १२ व्या शतकांत थेसालोनिकाचा आर्चबिशप युस्टाथिअस यानें इलियडवर प्रचंड टीका लिहिली, ती याच वृत्तीनें.

शाळेनें काय राखलें याचें उत्तर येथवर मिळालें. काय गमावलें याचें उत्तर नाटकांत शोधावें लागतें. एका १० व्या शतकांतील कोशाप्रमाणें सोफोक्लीसचीं नाटकें १२३, उरलीं ७. इस्किलसचींहि ७. युरिपिडीसचीं मात्र १९ आहेत (त्यांतील ‘ऱ्हीसस’ शंकास्पद). विलामोविट्झ यानें १८८९ सालीं असें प्रतिपादिलें कीं, रोमन अमदानींत कोणा एका शिक्षकानें शाळेसाठीं निवड केली आणि बाकीचीं नाटकें त्यामुळें बुडालीं. एकाच माणसाचें हें काम असावें हें आज मान्य नाहीं. निवड हळूहळू झाली. पण निवड झाली यांत शंका नाहीं. फ्लॉरेन्स येथील १४ व्या शतकांतल्या एका पोथींत युरिपिडीसचीं नऊ नाटकें अशीं आहेत कीं, त्यांचीं नांवें एप्सिलॉन, एटा, आयोटा व कप्पा या अक्षरांनींच सुरू होतात. उघडच एखाद्या समग्र, वर्णानुक्रमी संग्रहाचा तो वांचलेला तुकडा होय. या नवांवर जुन्या टिपा नाहींत, म्हणजे तीं शाळेंत शिकविलीं जात नव्हतीं. त्यांतल्या ‘हेलन’ नाटकांत हेलन ट्रॉयला गेलीच नव्हती, तिची छायामूर्ति गेली, असें कथानक आहे. सकाळीं इलियड शिकवून दुपारीं हें शिकविण्याची पाळी कोणत्याहि पंतोजीस नको वाटली असती! या नऊ नाटकांवांचून युरिपिडीसची आपली कल्पना किती निराळी झाली असती, हें त्याच्या निवडक दहा नाटकांशीं तीं ताडून पाहिल्यास कळेल. आपल्याकडे परशुरामपंत तात्या गोडबोले यांचें ‘नवनीत’ १८५४ मध्यें निघालें. प्राचीन कवींविषयींचें पिढ्यान्‌पिढ्यांचें मत त्या वेंच्यांवर किती बेतलेलें आहे हाहि तपासण्यासारखा प्रश्न आहे.

शाळेंत शिरलें तें तरलें, हा नियम मात्र सरसकट लावतां येत नाहीं. मेनँडर आडवा येतो. रोमन काळांत तो शाळेंत भरपूर वाचला जात असे, क्विंटिलियननें त्याची मुक्तकंठानें शिफारस केली आहे, आणि तरी मध्ययुगांत त्याचें एकहि सबंध नाटक पोंचलें नाहीं. २ ऱ्या शतकांतल्या फ्रिनिकससारख्या शुद्धिवाद्यांनीं त्याची भाषा अॅटिक नव्हे म्हणून त्याला नाक मुरडलें, हें एक कारण. दुसरें अधिक महत्त्वाचें कारण शाळेंतच आहे. मेनँडरच्या नांवावर चालणारीं एका ओळीचीं वचनें मुलांच्या कित्त्यास फार सोयीचीं. वर सांगितलेल्या मेणाच्या पाटीवरचा कित्ता त्याच जातीचा आहे. तीं वचनें मध्ययुगभर अखंड चालत आलीं. शाळेनें सुभाषितें उचललीं आणि नाटकें खालीं ठेवलीं.

तीं नाटकें परत मिळालीं तीं वाळूंतून. १९५८ सालीं ‘डिस्कोलस’ हें जवळजवळ संपूर्ण नाटक प्रसिद्ध झालें. त्यापूर्वीं १९०५ मध्यें लफेव्ह्र यास अफ्रोडिटो गांवीं एका घराच्या अवशेषांत मेनँडरच्या बांधीव पोथीचीं पानें सांपडलीं. घर ६ व्या शतकांतील डिओस्कोरस नांवाच्या वकिलाचें. तो स्वतः होमरच्या शब्दांनीं नटलेलीं कवनें रची, आणि ग्रीक व कॉप्टिक शब्दांची एक यादीहि त्यानें स्वहस्तें केली होती. त्याच्या दप्तराचे कागद एका मातीच्या रांजणांत भरून ठेवलेले होते. मेनँडरचीं पानें होतीं त्या कागदांवर, झांकणासारखीं पसरलेलीं.