मोहोळातली एकेक माशी

मधमाश्यांचे मोहोळ आणि मुंग्यांचे वारूळ ही दोन्ही प्रतीके ख्रिस्ती वाङ्मयात फार जुनी आहेत. नीतिसूत्रांच्या ग्रंथात आळशी माणसाला मुंगीकडे पाठविले आहे. चौथ्या शतकातील मिलानचे बिशप संत अम्ब्रोज यांनी सृष्टीच्या सहा दिवसांवरील प्रवचनांत मधमाश्यांच्या समाजजीवनाचा गौरव केला. पुढे ते मधपाळांचे आश्रयदाते संत मानले गेले. पास्काच्या रात्री मोठ्या मेणबत्तीपुढे गायिल्या जाणाऱ्या स्तोत्राच्या लॅटिन पाठातही मधमाश्यांच्या श्रमाचा उल्लेख आहे. परंतु या साऱ्या परंपरेत माशी एकटी अशी क्वचितच भेटते. ती येते थव्याने. शिस्तबद्ध, कष्टाळू आणि शेजारणीसारखीच हुबेहूब. मठांना, कुटुंबांना आणि धर्मग्रामांना आदर्श म्हणून दाखविले गेले ते हेच चित्र.

लार्स चिट्का यांचा ‘द माइंड ऑफ अ बी’ हा इंग्रजी ग्रंथ (प्रिन्स्टन युनिव्हर्सिटी प्रेस, २०२२) या चित्राच्या मुळाशीच हात घालतो. चिट्का हे लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात प्राध्यापक असून मधमाश्यांच्या ज्ञानेंद्रियांचा व वर्तनाचा त्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला आहे. मधमाश्यांचे रंगज्ञान, दिशाज्ञान, स्मृती, मेंदू असे अनेक विषय ग्रंथात आले आहेत. माझ्या मते मात्र ग्रंथाचे खरे मोल एकाच प्रतिपादनात आहे : एकाच मोहोळातील दोन माश्या सारख्या नसतात, आणि हा भेद म्हणजे निसर्गाची चूक नव्हे.

हे सिद्ध करण्याची रीत साधी आहे. प्रत्येक माशीच्या पाठीवर क्रमांकाची इवलीशी चकती चिकटवायची आणि मग त्या एकेकीचा पिच्छा पुरवायचा. २००३ मध्ये चिट्का व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंबल-बी या गुबगुबीत, केसाळ माश्यांपुढे जवळजवळ सारख्या रंगांची कृत्रिम फुले ठेवली. काही फुलांत साखरपाणी होते. चुकीच्या फुलात कोयनेलाचे कडू पाणी ठेवले, तेव्हा माश्या सावध झाल्या व निवड करण्यास अधिक वेळ घेऊ लागल्या. मात्र सगळ्या सारख्या सावध झाल्या नाहीत. काही माश्या झटपट निर्णय घेत आणि वारंवार चुकत. काही रेंगाळत, पारखून घेत आणि क्वचितच चुकत. हा फरक एका दिवसाची लहर नव्हता, त्या त्या माशीचा तो कायमचा ढंग होता. यात शहाणी कोण ठरवायचे? पुढील अभ्यासांतून निघालेले उत्तर मोठे मार्मिक आहे. बहुतेक फुलांत मध असेल तर उतावळी माशी अधिक कमाई करते. फसवी फुले फार असतील तर सावकाश माशी बाजी मारते. मोहोळाला दोघींची गरज असते, कारण उद्याचे शेत कसे असेल हे कोणालाच ठाऊक नसते.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग तर कथेसारखा वाचनीय आहे. पाठीवर रडारचा सूक्ष्म अँटेना बसवून चार बंबल-बींचा त्यांच्या पहिल्या उड्डाणापासून अखेरच्या उड्डाणापर्यंत मागोवा घेण्यात आला. एकीने आरंभी थोडा शोध घेतला, एक जागा हेरली आणि पुढे निष्ठेने तिथेच ये-जा केली. दुसरी आयुष्यभर भटकत राहिली, कुठेही स्थिरावली नाही. चारच माश्या, परंतु चार चरित्रे. कीटकाचे चरित्र लिहिता येते, ही कल्पनाच आपल्याला नवी आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्यांनी या ग्रंथातील एक प्रयोग विशेष लक्षपूर्वक वाचावा. अ‍ॅरिस्टॉटलने ‘मेटाफिजिक्स’च्या आरंभीच मधमाशीला चतुर म्हटले आहे, पण तिला ऐकू येत नाही म्हणून तिला शिकविता येत नाही, असेही त्याने ठरविले. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या भाष्यात हाच विचार पुढे नेला. २०१६ च्या प्रयोगात साखरपाण्याचे कृत्रिम फूल पारदर्शक पत्र्याखाली ठेवले होते. दोरी ओढली तरच ते बाहेर येई. न शिकविता ही युक्ती साधली ती ११० माश्यांपैकी केवळ दोघींना. परंतु युक्ती जाणणाऱ्या माशीला काम करताना पाहिलेल्या माश्यांपैकी निम्म्याहून अधिक माश्यांनी ती उचलली आणि एकीपासून दुसरीकडे ती वसाहतीत पसरत गेली. माशी शिकते, तेही दुसरीकडून. दोन हजारांहून अधिक वर्षे टिकलेले विधान एका दोरीने मागे ओढले गेले. मला अधिक कुतूहल आहे ते त्या दोघींचे. बाकीच्या १०८ जणींना जे सुचले नाही, ते त्यांनाच का सुचले?

या संदर्भात चार्ल्स हेन्री टर्नर (१८६७-१९२३) यांचे स्मरण चिट्का यांनी आवर्जून केले आहे आणि त्याबद्दल वाचकाने त्यांचे ऋणी राहावे. टर्नर हे कृष्णवर्णीय अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ. १९०७ मध्ये त्यांनी शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली, पण विद्यापीठात त्यांना कायमचे स्थान लाभले नाही. सेंट लुईस येथील सम्नर हायस्कुलात शिकवीत असताना त्यांनी मधमाश्यांच्या रंगज्ञानावर व आकारज्ञानावर प्रयोग केले. कीटकांना केवळ यंत्रे मानण्याच्या काळात हा शाळामास्तर एकेका कीटकाच्या वागण्यातील फरक टिपत होता. स्वतः ‘एका जमातीतला एक’ म्हणून मोजल्या गेलेल्या माणसाने हे पाहावे, यात मला योगायोगापेक्षा अधिक काही दिसते.

पाहणाऱ्याला जे पाहायचे नसते ते त्याला दिसत नाही, याचा एक नमुना इथे नोंदवितो. फ्रेंच निरीक्षक झाँ-आंरी फाब्र यांनी रातकिड्याची शिकार करणाऱ्या एका गांधीलमाशीची परीक्षा घेतली. ती शिकार बिळाच्या तोंडाशी ठेवून आत डोकावे. तेवढ्यात फाब्र ती थोडी दूर सरकवीत. माशी बाहेर येई, शिकार पुन्हा तोंडाशी आणी आणि पुन्हा आत डोकावे. असे चाळीस वेळा घडले. ही हकिकत ‘कीटक म्हणजे यंत्र’ याचा पुरावा म्हणून पुढील तत्त्वचिंतकांनी पुनःपुन्हा सांगितली. परंतु दुसऱ्या एका वसाहतीतील गांधीलमाश्या दोन-तीन वेळांनंतर फसल्या नाहीत, त्यांनी शिकार सरळ आत ओढून नेली, हेही फाब्र यांनीच लिहून ठेवले होते. ते मात्र कोणी सहसा सांगत नाही!

आता ग्रंथाच्या उणिवांकडे वळू. पहिली शब्दाची. या भेदांना चिट्का ‘पर्सनॅलिटी’ म्हणतात. मराठीत त्याचे ‘व्यक्तिमत्त्व’ केले तर आपण नकळत फार मोठी उडी मारतो. आपल्याकडे ‘स्वभाव’ हा नेमका शब्द आहे. बैलाला स्वभाव असतो, गाईला असतो. त्यासाठी त्यांना व्यक्ती म्हणावे लागत नाही. माश्यांच्या स्वभावभेदाचा काही भाग तर जन्मानेच आलेला असतो. मधमाश्यांची राणी अनेक नरांशी समागम करते, त्यामुळे एकाच मोहोळात अनेक पित्यांच्या कन्या नांदतात. कोणी थोड्या उष्म्यानेच पंख हलवून वारा घालू लागते, कोणी उशिरा. म्हणून पोळ्याचे तापमान स्थिर राहते. सगळ्या एकाच क्षणी उठल्या असत्या तर अळ्या गारठल्या असत्या. अशा भेदापासून संवेदनेपर्यंत आणि संवेदनेपासून जाणिवेपर्यंत ग्रंथ ज्या वेगाने जातो, तो वेग मला मान्य नाही. एकच निर्णायक पुरावा आपल्याजवळ नाही, अनेक पुराव्यांची रास आहे, हे लेखक प्रामाणिकपणे मान्य करतात. रास मोठी आहे, हे मीही मान्य करतो. परंतु दोन माश्या भिन्न वागतात, यावरून त्यांपैकी एकीला तरी काही ‘वाटते’ हे सिद्ध होत नाही. त्यासाठी वेगळा पुरावा लागतो आणि ग्रंथात हे दोन धागे कुठे कुठे एकमेकांत गुंतले आहेत.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. चिट्का यांची माशी आपल्याला बहुधा कृत्रिम फुलासमोर एकटी भेटते. परीक्षेला बसविलेल्या मुलासारखी! घरात ती कशी आहे, हे कमी कळते. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये राघवेंद्र गडगकर यांनी ‘रोपालिडिया मार्जिनाटा’ या आपल्याकडील गांधीलमाशीचा जो अभ्यास केला, त्याची इथे आठवण होते. माश्यांवर रंगाचे ठिपके देऊन त्यांनी घरातला एकेकीचा दिनक्रम नोंदविला. बसून राहणाऱ्या, भांडणाऱ्या आणि अन्न आणणाऱ्या असे तीन गट त्यांना आढळले. राणी सहसा शांत बसणाऱ्यांतली. राणीला दूर केले की काही मिनिटांतच एक माशी अतिशय आक्रमक होते आणि राणी परत आली नाही तर पुढे तीच राणी होते. ती कोण असेल हे संशोधकांना आधी सांगता येत नाही. परंतु २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांवरून असे दिसते की इतर माश्यांना ते ठाऊक असते. त्या तिला विनातक्रार स्वीकारतात. येथे एकीचे वेगळेपण इतरांशी असलेल्या नात्यात प्रकट होते. हा विचार चिट्का यांच्या ग्रंथात आणखी विस्ताराने यावयास हवा होता.

मुंग्यांबद्दलही थोडे. अ‍ॅरिझोनातील संशोधकांना एका जातीच्या लहान मुंग्यांत जवळपास ४० टक्के कामकरी मुंग्या बहुतेक वेळ निष्क्रिय आढळल्या. सर्वांत उद्योगी मुंग्या काढून टाकल्यावर सुमारे आठवड्याभरात या रिकामटेकड्यांतूनच त्यांची जागा भरली गेली. नीतिसूत्रांच्या आळशाला पाठवावे तर कोणत्या मुंगीकडे, असा मिस्कील प्रश्न कोणी विचारला तर त्याला रागावू नये.

ग्रंथाची इंग्रजी सुबोध आहे. आरंभीची रंगदृष्टीची प्रकरणे सामान्य वाचकाला जड वाटतील. त्याने माश्यांच्या स्वभावभेदावरील प्रकरण आधी वाचावे आणि मग मागे यावे. विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींच्या हाती हा ग्रंथ द्यावा, शक्य तर शेजारी कोणी जाणकार शिक्षक असावा. जाणिवेवरील प्रकरण वाचताना त्यांना प्रश्न पडतील, आणि ते घरात विचारले जातील.