नत्राचा हिशेब आणि हॉवर्ड यांचे प्रतिपादन

आल्बर्ट हॉवर्ड यांचा ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ (१९४०) हा ग्रंथ शेणखताच्या पुरस्कर्त्यांना आजही प्रमाणभूत वाटतो. त्यातील प्रतिपादनाची मुळे इंदूर येथील १९२४ ते १९३१ या काळातील कार्यात आहेत. यशवंत वाड यांच्यासह लिहिलेल्या १९३१ च्या ग्रंथात ती कंपोस्टपद्धती तपशिलाने वर्णिलेली आहे. उत्तर ग्रंथातील आवेश तेथे नाही. म्हणूनच की काय, तो अधिक विश्वसनीय वाटतो.

रोदॅमस्टेड येथील ब्रॉडबॉक शेतात १८४३ पासून चाललेल्या प्रयोगावर हॉवर्ड यांचा विशेष रोष आहे. लहान वाफा म्हणजे शेती नव्हे, वर्षानुवर्षे गहूच घेणे व्यवहाराला धरून नाही, हे त्यांचे आक्षेप सर्वस्वी अयोग्य म्हणता येणार नाहीत. परंतु प्रयोगाची रचना सदोष ठरविल्याने त्यातील मोजमापे खोटी ठरत नाहीत. दर हेक्टरी दरसाल ३५ टन शेणखत मिळणाऱ्या वाफ्यात मातीतील नत्र दुपटीहून अधिक झाले. रासायनिक खतांच्या वाफ्यांत ही वाढ अल्पच राहिली. वस्तुतः हा पुरावा हॉवर्ड यांच्याच बाजूचा! मात्र शेणखतातील नत्र पिकाच्या सोयीने सुटत नाही. पीक ते घेण्याच्या स्थितीत नसतानाही त्याचे नायट्रेट होत राहते आणि निचऱ्याच्या पाण्याबरोबर निघून जाते.

खरा प्रश्न हे ३५ टन आणावयाचे कोठून, हा आहे. शेणखतात नत्राचे प्रमाण शेकडा अर्ध्याच्या आसपास असते. म्हणजे १०० किलो नत्रासाठी सुमारे २० टन खत हवे. युरिया सव्वादोनशे किलोंच्या आतच पुरतो. शिवाय जनावर नत्र निर्माण करीत नाही. चाऱ्यातील नत्राचा काही भाग दुधामांसात ठेवून उरलेले ते परत करते, म्हणजे एका शेताची समृद्धी दुसऱ्या कुरणाच्या खर्चाने होते. नवे नत्र यावयाचे ते मुख्यतः द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतून. ‘रासायनिक खताऐवजी शेणखत’ या घोषणेत हा हिशेब बहुधा गाळलेला असतो.

इंदूरपद्धतीने तो गाळला नव्हता. पुष्कळसे शेण गोवऱ्यांच्या रूपाने चुलीत जाते, हे गृहीत धरूनच तिची आखणी झाली होती. थोडे शेण पऱ्हाट्या व पालापाचोळा यांत मिसळून पुरवावयाचे, आणि मूत्रातील नत्र अमोनिया होऊन उडून जाऊ नये म्हणून गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती ढिगात घालावयाची.